हक्क सार्वत्रिक, दाद स्थानिक : भोपाळ खटल्याच्या संदर्भात पारराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याची चिकित्सा

प्रस्तावना

मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या (१९४८) आठव्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला परिणामकारक दाद मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. या कलमाचा उल्लेख अनेकदा होतो. मात्र त्यातील एका शब्दाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ही दाद सक्षम अशा ‘राष्ट्रीय’ न्यायाधिकरणाकडून मिळावी, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे हक्क सार्वत्रिक आहे, पण दाद राष्ट्राच्या चौकटीतली आहे. हक्कभंग करणारी सत्ता ही स्वतःच्या भूमीवरील राज्यसंस्थाच असणार, हे गृहीत धरून ही रचना झाली. हक्कभंग करणारी संस्था एका देशात नोंदलेली, दुसऱ्या देशात कारखाना चालविणारी आणि अनेक देशांत नफा मिळविणारी असेल, तर कोणत्या देशाचे न्यायालय ‘सक्षम’ मानावयाचे, या प्रश्नाचे उत्तर जाहीरनाम्यात नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारानेही दुसऱ्या कलमात परिणामकारक दाद देण्याची जबाबदारी सदस्य राज्यावर टाकली. परंतु ती त्या राज्याच्या प्रदेशातील व अधिकारक्षेत्रातील व्यक्तींपुरती.

या उणिवेची सर्वांत मोठी किंमत भोपाळने मोजली. भोपाळच्या खटल्याकडे बहुधा औद्योगिक अपघाताचा किंवा अपुऱ्या नुकसानभरपाईचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात हा खटला पारराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याची कसोटी म्हणून तपासला आहे. पीडितांना दाद मिळाली नाही याचे कारण केवळ न्यायालयांचा विलंब किंवा सरकारची उदासीनता हे नसून, सीमा ओलांडणाऱ्या भांडवलाला मिळणारे संरक्षण आणि सीमा ओलांडू न शकणाऱ्या माणसाला मिळणारे संरक्षण यांतील कायदेशीर विषमता हे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

आंतरराष्ट्रीय आणि पारराष्ट्रीय कायदा

आंतरराष्ट्रीय कायदा हा परंपरेने राज्याराज्यांमधील कायदा होय. व्यक्ती त्यात उशिरा आली आणि कंपनी तर अद्यापही अर्धवटच आली आहे. अमेरिकन विधिज्ञ फिलिप जेसप यांनी १९५६ मध्ये ‘पारराष्ट्रीय कायदा’ ही संकल्पना मांडली. राष्ट्रीय सीमा ओलांडणाऱ्या कृती व घटनांचे नियमन करणारा सर्व कायदा, मग तो आंतरराष्ट्रीय असो, एखाद्या देशाचा अंतर्गत असो वा खासगी स्वरूपाचा असो, तिच्यात सामावतो. या व्याख्येचा लाभ असा की, एका देशाचे दिवाणी न्यायालयही दुसऱ्या देशातील माणसाच्या हक्काचे रक्षक होऊ शकते.

१९८० मध्ये फिलार्तिगा विरुद्ध पेन्या-इराला या खटल्यात ही शक्यता प्रत्यक्षात उतरली. पॅराग्वे देशात एका तरुणाचा छळ करून त्याला ठार मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर अमेरिकेतील न्यायालयात दावा चालू शकतो, असा निर्णय अमेरिकेच्या दुसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १७८९ च्या ‘एलियन टॉर्ट’ कायद्याच्या आधारे दिला. छळ करणारा हा अखिल मानवजातीचा शत्रू असल्याने तो जेथे सापडेल तेथे त्याला जाब विचारता येतो, हे या निर्णयाचे सार होते. पीडितांच्या बाजूने विचार करणाऱ्या अनेक विधिज्ञांच्या आशा या निर्णयाने पल्लवित झाल्या. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत भोपाळची दुर्घटना घडली.

न्यूयॉर्कचा दरवाजा

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीच्या भोपाळ येथील कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. या कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे होते. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच अमेरिकेत दावे दाखल होऊ लागले आणि ते न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्हा न्यायालयात एकत्र करण्यात आले. मार्च १९८५ मध्ये भारतीय संसदेने दाव्यांसंबंधी विशेष कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारकडे घेतला आणि एप्रिलमध्ये सरकारने न्यूयॉर्कमध्ये आपला दावा दाखल केला.

न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे मुख्य प्रश्न ‘फोरम नॉन कन्व्हिनियन्स’ या तत्त्वाचा होता. अधिकारक्षेत्र असूनही, दुसरे न्यायालय खटल्यासाठी अधिक सोयीचे असेल तर दावा चालविण्यास नकार देण्याची मुभा हे तत्त्व न्यायालयाला देते. १९८१ मध्ये पायपर एअरक्राफ्ट विरुद्ध रेनो या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परकीय वादीने केलेल्या न्यायालयाच्या निवडीला देशी वादीच्या निवडीइतके वजन देण्याचे कारण नाही, असे ठरविले होते. त्यामुळे भोपाळचे पीडित आरंभापासूनच उतारावर उभे होते.

या टप्प्यावर जो युक्तिवाद झाला तो न्यायशास्त्राच्या इतिहासात विलक्षण म्हणावा लागेल. आपली न्यायव्यवस्था एवढ्या मोठ्या व गुंतागुंतीच्या दाव्यांचा निवाडा वेळेत करू शकणार नाही, असे भारत सरकार परक्या न्यायालयात सांगत होते आणि अमेरिकन विधिज्ञ मार्क गॅलंटर यांच्या प्रतिज्ञापत्राने त्यास आधार दिला होता. उलट भारतीय न्यायालये पूर्णपणे समर्थ आहेत, असे अमेरिकन कंपनी म्हणत होती आणि तिच्या बाजूने मुंबईचे ख्यातनाम विधिज्ञ नानी पालखीवाला यांचे प्रतिज्ञापत्र होते. राष्ट्राभिमानाची भाषा प्रतिवादीच्या तोंडी आणि राष्ट्राच्या उणिवांची कबुली राष्ट्राच्याच तोंडी, असा हा उफराटा प्रसंग होता.

१२ मे १९८६ रोजी न्यायाधीश कीनन यांनी दावे भारतात पाठविण्याचा निर्णय दिला. कारखान्याची उभारणी व दैनंदिन व्यवस्थापन भारतीयांच्या हाती होते, साक्षीदार व कागदपत्रे बहुतांशी भारतात आहेत, ही कारणे त्यांनी दिली. त्यांसोबत आणखी एक कारण होते. हा खटला अमेरिकेत ठेवणे म्हणजे विकसनशील राष्ट्रावर आपली मूल्ये लादण्याचा साम्राज्यवादी प्रकार ठरेल आणि भारताला आपल्या जनतेला न्याय देण्याची संधी नाकारली जाईल, असे त्यांनी नमूद केले.

या युक्तिवादाची चिकित्सा दोन अंगांनी करावी लागते. पहिली बाब अशी की, न्यायालयाचा पर्याप्तपणा त्याच्या अस्तित्वावरून मोजला गेला, परिणामकारकतेवरून नाही. भारतात न्यायालये आहेत, स्वतंत्र आहेत, त्यांना नुकसानभरपाई देण्याचा अधिकार आहे, एवढे पुरेसे ठरले. प्रत्यक्षात लाखो दावेदारांना किती काळात आणि किती दाद मिळेल, हा प्रश्न दुय्यम मानला गेला. दुसरी बाब अशी की, साम्राज्यवादविरोधाची भाषा येथे वापरली गेली ती वसाहतवादाचे चटके सोसलेल्या राष्ट्राच्या विनंतीविरुद्ध आणि अमेरिकन कंपनीच्या लाभासाठी. सार्वभौमत्वाचा सन्मान करावयाचा असेल, तर त्या सार्वभौम राष्ट्राने काय मागितले होते हे आधी पाहावयास हवे होते.

कीनन यांनी निर्णयास तीन अटी जोडल्या होत्या. कंपनीने भारतीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करून मुदतीचा बचाव सोडावा, भारतीय न्यायालयाचा उचित प्रक्रियेने झालेला हुकूमनामा पाळावा आणि अमेरिकन नियमांनुसार वादींना पुरावे उपलब्ध करून द्यावेत. जानेवारी १९८७ मध्ये अपील न्यायालयाने यांतील दुसरी अट रद्द केली आणि तिसरीही त्या एकतर्फी स्वरूपात टिकू दिली नाही. सोयीचे तत्त्व तेवढे शिल्लक राहिले. ते पीडितांना सोसवेल अशा ज्या अटी होत्या, त्या मात्र गळून पडल्या.

हा निकाल अटळ होता असेही म्हणता येत नाही. याच तत्त्वाचा वापर करून ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० मध्ये लुबे विरुद्ध केप या खटल्यात वेगळा निष्कर्ष काढला. दक्षिण आफ्रिकेतील अॅस्बेस्टॉसने आजारी पडलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांचा दावा तेथे होता. दक्षिण आफ्रिकेत न्यायालये होती. पण एवढा खर्चिक खटला चालविण्यासाठी पीडितांना वकील व निधी मिळण्याची शक्यता नव्हती. त्यामुळे तेथे खऱ्या अर्थाने न्याय होणार नाही, असे मानून खटला इंग्लंडमध्ये ठेवण्यात आला. एका न्यायालयाने न्यायालयाची इमारत पाहिली, दुसऱ्याने तिच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाची ऐपत पाहिली.

भोपाळहून दिल्लीपर्यंत

खटला भारतात आल्यानंतर भारतीय न्यायशास्त्राने एक मोठे पाऊल टाकले. दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या ओलियम वायुगळतीसंबंधीच्या एम. सी. मेहता खटल्यात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘निरपेक्ष दायित्वा’चे तत्त्व मांडले. अतिधोकादायक उद्योग चालविणाऱ्याला त्यातून होणाऱ्या हानीबद्दल कोणताही अपवाद सांगता येणार नाही आणि नुकसानभरपाई त्या उद्योगाच्या आर्थिक क्षमतेच्या प्रमाणात असावी, असे त्याचे स्वरूप होते. भारत सरकारच्या दाव्यातही, बहुराष्ट्रीय उद्योगसमूह ही एकच संस्था मानून तिच्यावर न टाळता येणारे दायित्व टाकावे, अशी मांडणी होती. ही मांडणी स्वीकारली गेली असती, तर पारराष्ट्रीय कायद्यातील ती महत्त्वाची भर ठरली असती.

त्या दिशेने काही वाटचाल झालीही. भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांच्या अंतरिम मदतीचा आदेश दिला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने एप्रिल १९८८ मध्ये ही रक्कम २५० कोटींवर आणली. परंतु कंपनीच्या स्वतंत्र व्यक्तित्वाचा पडदा दूर सारून मूळ कंपनीला प्रथमदर्शनी जबाबदार धरले. या आदेशांविरुद्धची अपिले सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. या तडजोडीने सर्व दिवाणी दावे मिटविले आणि फौजदारी कारवाईही संपुष्टात आणली. कंपनीच्या दायित्वाचा निवाडा झालाच नाही. निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व ज्या दुर्घटनेच्या सावलीत जन्मले, तिलाच ते लागू झाले नाही.

तडजोडीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सुमारे ३ हजार मृत्यू आणि एकूण सुमारे १ लाख ५ हजार पीडित हा तिचा आधार होता. या संख्येत रक्कम सारखी विभागली तर माणशी सुमारे ४,४७६ डॉलर येतात. पुढे साडेपाच लाखांहून अधिक व्यक्तींचे दावे मान्य झाले. त्या संख्येने भागले तर सरासरी ८५५ डॉलरपेक्षाही खाली जाते. रुपयाच्या घसरणीमुळे व व्याजामुळे निधीची रुपयांतील रक्कम वाढली आणि २००४ मध्ये शिल्लक रक्कम पीडितांत वाटण्याचा आदेश झाला, हे खरे आहे. परंतु चलनाच्या घसरणीने वाढलेली रक्कम म्हणजे न्याय वाढला असे होत नाही.

या टप्प्यावरील दोष केवळ परक्या कंपनीचा किंवा परक्या न्यायालयाचा नाही, हे स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. पालक म्हणून पीडितांचा हक्क सरकारने स्वतःकडे घेतला आणि तडजोड करताना त्यांना विचारले नाही. डिसेंबर १९८९ मध्ये चरणलाल साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पीडितांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावयास हवे होते हे मान्य केले, तथापि कायदा वैध ठरविला. शिवाय कंपनीचे काही भाग सरकारी वित्तसंस्थांकडेही होते; म्हणजे पालक काही अंशी प्रतिवादीचा भागीदारही होता. ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यायालयाने तडजोड कायम ठेवली, मात्र फौजदारी कारवाई रद्द करणारा भाग काढून टाकला. भरपाई अपुरी पडल्यास ती उणीव केंद्र सरकारने भरून काढावी, असेही तेव्हा ठरले होते.

फौजदारी बाजूचा शेवटही वेगळा नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय अधिकाऱ्यांवरील सदोष मनुष्यवधाचा आरोप निष्काळजीपणामुळे मृत्यू या सौम्य आरोपात बदलला. जून २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे अटक होऊन जामीन मिळाला, त्यानंतर ते देशाबाहेर गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्या प्रत्यार्पणाची मागणी अमेरिकेने २००४ मध्ये फेटाळली. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०१० मध्ये केंद्र सरकारने क्युरेटिव्ह याचिका दाखल करून अधिक भरपाई मागितली. तीत मृतांचा आकडा ५,२९५ दिला होता. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती फेटाळली. फसवणूक सिद्ध झाली तरच तडजोड रद्द होऊ शकते, ती कायम ठेवून वर आणखी रक्कम मागता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. १९९१ मध्ये स्वीकारल्याप्रमाणे सरकारने पीडितांसाठी विमा उतरविला नाही, हा गंभीर निष्काळजीपणा असल्याचेही न्यायालयाने म्हटले. विधितत्त्वाच्या दृष्टीने ही भूमिका सुसंगत आहे. परंतु ज्या पीडितांना तडजोडीच्या वेळी आवाज नव्हता, त्यांना तिच्या अंतिमतेचा आदर करण्यास सांगणे ही या सुसंगतीची किंमत होय.

बंद वर्तुळ

या साऱ्या प्रवासातील सर्वांत बोलका टप्पा न्यूयॉर्कमध्येच घडला. १९९९ मध्ये पीडितांनी व त्यांच्या संघटनांनी पुन्हा तेथे दावा दाखल केला. या वेळी आधार होता तो फिलार्तिगा खटल्याने जागविलेल्या ‘एलियन टॉर्ट’ कायद्याचा. म्हणजे प्रश्न अपघाताचा नसून आंतरराष्ट्रीय कायद्याखालील हक्कभंगाचा आहे, ही मांडणी होती. २००१ मध्ये अपील न्यायालयाने हा भाग फेटाळला. कारण १९८९ च्या तडजोडीत हे दावे मिटले होते. १९८६ मध्ये अमेरिकन न्यायालयाने पीडितांना भारतात जाण्यास सांगितले, भारतात तडजोड झाली आणि २००१ मध्ये अमेरिकन न्यायालयाने त्याच तडजोडीकडे बोट दाखविले. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे वाचला तर त्याचे समर्थन करता येते. मात्र सर्व एकत्र वाचले तर मानवी हक्कांचा मुद्दा कोणत्याही न्यायालयाने गुणदोषांवर ऐकलाच नाही, असे दिसते.

कारखान्याच्या परिसरातील प्रदूषित पाण्यासंबंधीचे दावे तडजोडीत मोडत नव्हते. ते पुढे चालले. पण २०१३ व २०१६ च्या निर्णयांनी तेही मूळ कंपनीपर्यंत पोहोचू शकले नाहीत. कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी भारतीय उपकंपनीची होती, असे ठरले. दरम्यान १९९४ मध्ये उपकंपनीतील भाग विकले गेले होते आणि २००१ मध्ये मूळ कंपनी डाऊ केमिकल कंपनीच्या मालकीची झाली होती. कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा पिथमपूर येथे हलविण्यास जानेवारी २०२५ उजाडला. दुर्घटनेस तेव्हा चाळीस वर्षे पूर्ण झाली होती.

गुंतवणूकदाराची परिणामकारक दाद

भोपाळचे अपयश ही आंतरराष्ट्रीय कायद्याची स्वाभाविक मर्यादा आहे, असा युक्तिवाद केला जातो. राज्यांच्या संमतीवर चालणारा कायदा याहून अधिक काही करू शकत नाही, असे त्याचे म्हणणे. हा युक्तिवाद गुंतवणूक कायद्याशी ताडून पाहिला असता टिकत नाही.

व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने कोल इंडियाशी १९८९ मध्ये, म्हणजे भोपाळच्या तडजोडीच्याच वर्षी, खाणविकासाचा करार केला. पुढे वाद होऊन २००२ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. परंतु भारतीय न्यायालयांत त्याची अंमलबजावणी नऊ वर्षे रखडली. कंपनीने भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यातील गुंतवणूक कराराखाली आंतरराष्ट्रीय लवादाकडे दाद मागितली. नोव्हेंबर २०११ मध्ये लवादाने भारत सरकारला जबाबदार धरले. हक्क बजावण्याचे ‘परिणामकारक साधन’ पुरविण्याचे वचन भारताने कुवेतशी केलेल्या करारात दिले होते. सर्वाधिक अनुकूल राष्ट्राच्या कलमातून ते ऑस्ट्रेलियन कंपनीलाही लागू होते आणि न्यायालयीन विलंबाने त्याचा भंग झाला, असा हा निर्णय होता.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे विषमतेचे स्वरूप लक्षात येते. भारतीय न्यायालयांतील विलंब हा १९८६ मध्ये पीडितांच्या बाजूचा मुद्दा होता आणि तो अपुरा ठरला. हाच विलंब २०११ मध्ये गुंतवणूकदाराचा मुद्दा होता आणि तो निर्णायक ठरला. ‘परिणामकारक दाद’ हे शब्द मानवी हक्कांच्या करारातही आहेत आणि ‘परिणामकारक साधन’ हे शब्द गुंतवणूक करारातही आहेत. फरक असा की, गुंतवणूकदाराला त्या शब्दांच्या आधारे राज्याला थेट लवादापुढे उभे करता येते. विषारी वायूने फुप्फुसे निकामी झालेल्या माणसाला तसे करता येत नाही. राज्यांनी संमती दिली ती एका बाबतीत, दुसऱ्या बाबतीत नाही. म्हणजे मर्यादा कायद्याच्या स्वभावाची नसून राज्यांच्या इच्छेची आहे.

महाराष्ट्राला या विषमतेचा परिचय दाभोळ वीजप्रकल्पाच्या निमित्ताने झाला. गुहागर तालुक्यातील या प्रकल्पाला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवरील पोलिसी कारवाईबद्दल अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केले. प्रकल्पाच्या बंदोबस्तावरील पोलिसांचा खर्च कंपनी देत असल्याने हक्कभंगात तिचाही सहभाग ठरतो, असे दुसऱ्या अहवालाचे प्रतिपादन होते. प्रकल्प कोसळल्यानंतर परकीय भागीदारांनी मॉरिशसमधील कंपन्यांच्या मार्गाने आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली आणि २००५ मध्ये त्यांचे वाद तडजोडीने मिटले. ग्रामस्थांच्या हाती मात्र अहवाल राहिले. एकाच प्रकल्पातून निर्माण झालेल्या दोन तक्रारींपैकी एकीला लवाद मिळाला आणि दुसरीला दस्तऐवज मिळाला.

आचारसंहितेपासून मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत

बहुराष्ट्रीय कंपन्यांना बांधून घेण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९७४ मध्ये त्यासाठी आयोग स्थापन केला. त्याने हाती घेतलेली आचारसंहिता १९९० च्या दशकाच्या आरंभी सोडून देण्यात आली. २००३ मध्ये मानवी हक्क उपआयोगाने कंपन्यांच्या जबाबदाऱ्यांसंबंधी निकष मंजूर केले. वरिष्ठ आयोगाने त्यांना कायदेशीर दर्जा नाकारला. त्यानंतर जॉन रगी यांच्या पुढाकाराने तयार झालेली मार्गदर्शक तत्त्वे मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने स्वीकारली. राज्याचे संरक्षणाचे कर्तव्य, कंपनीची आदराची जबाबदारी आणि पीडितांना दाद हे त्यांचे तीन स्तंभ आहेत.

या तत्त्वांनी एक समान भाषा दिली, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु शब्दयोजना सूचक आहे. राज्यासाठी ‘कर्तव्य’ हा शब्द आहे, कंपनीसाठी ‘जबाबदारी’ हा. आणि ही जबाबदारी कायद्याची नसून सामाजिक अपेक्षेची आहे. तिसरा स्तंभ तर सर्वांत दुबळा आहे. कारण भोपाळमध्ये आडवे आलेले कोणतेही तत्त्व, मग ते न्यायालयाच्या सोयीचे असो वा कंपनीच्या पडद्याचे, तो दूर करीत नाही. त्या अडथळ्यांची दखल घेऊन ते कमी करण्याचा विचार राज्यांनी करावा, एवढेच तो सुचवितो. भोपाळ खटल्याचे साक्षेपी अभ्यासक उपेंद्र बक्षी यांनी ‘द फ्युचर ऑफ ह्यूमन राइट्स’ (२००२) या ग्रंथात, माणसाच्या हक्कांची संकल्पना हळूहळू व्यापारस्नेही व बाजारस्नेही हक्कांच्या संकल्पनेने झाकोळली जात असल्याचा इशारा दिला होता. वर पाहिलेली तुलना त्या इशाऱ्याचे कायदेशीर प्रत्यंतर आहे.

जून २०१४ मध्ये मानवी हक्क परिषदेने इक्वेडोर व दक्षिण आफ्रिका यांच्या पुढाकाराने बंधनकारक करारासाठी कार्यगट नेमण्याचा ठराव २० विरुद्ध १४ मतांनी संमत केला. १३ सदस्य तटस्थ राहिले. भारताने बाजूने मत दिले, अमेरिका व युरोपीय देशांनी विरोधात. दशकभराच्या वाटाघाटींनंतरही हा करार पूर्णत्वास गेलेला नाही.

दोन उलट प्रवाह

न्यायालयांच्या पातळीवर आज दोन विरुद्ध प्रवाह दिसतात. अमेरिकेत दरवाजा क्रमाने बंद होत गेला. किओबेल (२०१३) खटल्यात ‘एलियन टॉर्ट’ कायदा परदेशातील घटनांना सामान्यतः लागू नाही असे ठरले, जेस्नर (२०१८) खटल्यात परकीय कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या आणि नेस्ले (२०२१) खटल्यात केवळ व्यवस्थापकीय निर्णय अमेरिकेत झाले एवढे पुरेसे नाही असे सांगितले गेले. गुजरातमधील मुंद्रा येथील मच्छीमार व शेतकऱ्यांनी इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनविरुद्ध लढलेल्या खटल्यात २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांना संपूर्ण संरक्षण नाही असा महत्त्वाचा निर्णय दिला. तरीही पुढे खालच्या न्यायालयांनी या प्रकरणात संरक्षण लागू धरून दावा फेटाळला.

ब्रिटनमध्ये मात्र लुबे खटल्याचा वारसा पुढे गेला. झांबियातील १,८२६ ग्रामस्थांनी तांब्याच्या खाणीच्या प्रदूषणाबद्दल वेदांता रिसोर्सेस या लंडनस्थित मूळ कंपनीविरुद्ध केलेला दावा चालू शकतो, असा निर्णय २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. मूळ कंपनीने उपकंपनीच्या कारभारात प्रत्यक्ष किती हस्तक्षेप केला यावर तिचे दायित्व ठरेल आणि पर्यायी देशात न्याय मिळण्याची वास्तव शक्यता तपासली जाईल, ही दोन सूत्रे त्यात आहेत. नायजेरियातील रहिवाशांच्या शेलविरुद्धच्या दाव्यात २०२१ मध्ये मूळ कंपनीच्या दायित्वाचे सूत्र पुन्हा मान्य झाले. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर दक्षतेचे कर्तव्य टाकणारा कायदा केला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तशाच आशयाचा निर्देश संमत केला. परंतु २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. म्हणजे हा प्रवाहही निर्वेध नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. श्रीमंत देशांच्या न्यायालयांनी गरीब देशांतील घटनांचा न्याय करावा, ही अपेक्षा वसाहतवादी मनोवृत्तीचीच नवी आवृत्ती नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. तथापि तो ज्या पक्षाच्या मुखातून येतो त्याचाही विचार व्हावा. मूळ कंपनीला तिच्या स्वतःच्या देशातील न्यायालयाने जाब विचारणे हा परक्याच्या कारभारातील हस्तक्षेप नसून स्वतःच्या नागरिकाला लावलेली शिस्त होय. नफा मायदेशी येताना सीमा आडवी येत नसेल, तर उत्तरदायित्व येतानाच ती का आडवी यावी, याचे उत्तर या आक्षेपाजवळ नाही. शिवाय वेदांता खटल्यातील समूह भारतीय उद्योजकाचा होता, ही बाब भारतीय वाचकाने विशेषत्वाने लक्षात ठेवावी. भारतीय भांडवल परदेशांत जात असताना, भोपाळमध्ये भारताने जी मागणी केली तीच मागणी उद्या आफ्रिकेतील पीडित भारतीय न्यायालयांपुढे करतील. त्या वेळी भारत कीनन यांचे उत्तर देणार की लुबे खटल्यातील, हा प्रश्न आता काल्पनिक राहिलेला नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, भोपाळच्या पीडितांना नियमांचा अभाव नडला नाही. न्यायालयाची सोय, कंपनीचा पडदा, पालक-राज्याचा एकाधिकार आणि तडजोडीची अंतिमता हे चारही नियम प्रस्थापित होते आणि ते एकापुढे एक उभे राहिल्याने वाट बंद झाली. दुसरा असा की, आंतरराष्ट्रीय कायदा राज्याला न्यायालयीन विलंबाबद्दलही जबाबदार धरू शकतो, हे गुंतवणूक लवादांनी सिद्ध केले आहे. पीडितांसाठी तसे व्यासपीठ नसणे ही राजकीय निवड आहे. तिसरा असा की, पर्यायी न्यायालयाचा पर्याप्तपणा त्याच्या अस्तित्वाने नव्हे तर पीडिताला तेथे प्रत्यक्ष काय मिळू शकते याने मोजला जावा. ही कसोटी ब्रिटिश न्यायालयांनी वापरून दाखविली असल्याने ती अव्यवहार्य म्हणता येत नाही. चौथा असा की, पीडितांच्या नावाने दावा करणाऱ्या राज्याला त्यांना न विचारता तडजोड करण्याचा अधिकार असू नये.

भारताने प्रस्तावित कराराच्या बाजूने मत दिले आहे. त्या मताला अर्थ यावयाचा असेल, तर परदेशात कार्यरत भारतीय कंपन्यांना भारतीय न्यायालयांत जाब विचारण्याची तरतूद येथील कायद्यातही व्हावयास हवी. राज्यघटनेचे ५१ वे कलम आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर वाढविण्याचे जे ध्येय राज्यासमोर ठेवते, त्याची सुरुवात स्वतःपासून करावी लागेल. जाहीरनाम्यातील ‘राष्ट्रीय न्यायाधिकरण’ हा शब्द बदलणे आज शक्य नसेल. मात्र ते न्यायाधिकरण फक्त पीडिताच्या राष्ट्रातच असले पाहिजे, असे जाहीरनाम्याने कोठेही म्हटलेले नाही.